शंभर डेसिबलच्या स्पीकरला कोणता ॲम्प्लिफायर?

घरात गाणं ऐकण्यासाठी मोठे, हॉर्नवाले स्पीकर घेणाऱ्यांकडून दोन प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. पहिला : ‘स्पीकरवर ९९ डेसिबल लिहिलंय, त्याला शंभर वॅटचा ॲम्प्लिफायर लावला तर जळेल का?’ दुसरा अगदी उलट टोकाचा : ‘आठ वॅटचा व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर मिळतोय. एवढ्याशा ताकदीवर एवढा मोठा स्पीकर चालेल का?’

दोन्ही प्रश्न वॅटभोवती फिरतात. पण अशा स्पीकरची जोडी जेव्हा फसते, तेव्हा वॅट कमी पडले किंवा जास्त झाले म्हणून फारच क्वचित फसते. गाणं सुरू नसतानाही स्पीकरमधून सुरसुर येत राहते. व्हॉल्यूमचं बटण जेमतेम हलवलं की घर दणाणतं. किंवा ओहमचा मेळ बसत नाही आणि आवाज कुठे फुगतो, कुठे बसतो. दुकानात या तीन गोष्टींविषयी आपणहून कुणी बोलत नाही, कारण खोक्यावर ठळक छापलेला असतो तो फक्त वॅटचा आकडा. म्हणून या लेखात वॅटचा हिशोब लवकर उरकला आहे आणि बाकीच्या तीन गोष्टींना जास्त जागा दिली आहे.

डेसिबलचा आकडा काय सांगतो

स्पीकरच्या माहितीपत्रकात ‘सेन्सिटिव्हिटी’ या नावाखाली जो आकडा असतो तो असा काढतात : स्पीकरला २.८३ व्होल्टचा सिग्नल द्यायचा आणि १ मीटर अंतरावर आवाज किती भरतो ते मोजायचं. स्पीकर ८ ओहमचा असेल तर २.८३ व्होल्ट म्हणजे १ वॅट. बाजारातले बहुतेक घरगुती स्पीकर ८४ ते ९० डेसिबलच्या आसपास असतात. ९५ च्या पुढच्यांना जास्त कार्यक्षमतेचे म्हणायला हरकत नाही. ९१-९२ च्या स्पीकरला तसं म्हणू नये, मग जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो. पुढचे सगळे सल्ले ९५ आणि त्यावरच्या स्पीकरसाठी आहेत.

दर १० डेसिबलच्या फरकाला दहापट वीज लागते. ८६ डेसिबलच्या स्पीकरला २० वॅट देऊन जेवढा आवाज मिळतो, तेवढा ९९ चा स्पीकर १ वॅटमध्ये देतो.

कार्यक्षम स्पीकरची ही जात जुनी आहे. बोलपटांच्या सुरुवातीच्या काळात ॲम्प्लिफायर दुबळे होते आणि प्रेक्षागृहं मोठी; थोड्या वॅटमध्ये सगळ्या खुर्च्यांपर्यंत आवाज पोचवायला हॉर्न हाच मार्ग होता. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात, होप या छोट्या गावी पॉल क्लिप्श यांनी १९४६ मध्ये कंपनी काढून तेच तंत्र घरात आणलं. त्यांचा ‘क्लिप्शहॉर्न’ खोलीच्या कोपऱ्यात बसतो आणि कोपऱ्याच्या भिंतींनाच हॉर्नचा पुढचा भाग म्हणून वापरतो. १९५४ मध्ये ॲकॉस्टिक रिसर्च कंपनीचा ‘एआर-१’ आला आणि लहान बंद पेटीतून खोल बेस काढता येतो हे दिसलं. त्याची किंमत कार्यक्षमतेत मोजावी लागली. पुढे ट्रान्झिस्टरमुळे वॅट स्वस्त झाले, तेव्हा बहुतेक कंपन्या त्याच वाटेने गेल्या. लहान पेटी, खोल बेस आणि जास्त कार्यक्षमता या तिन्ही गोष्टी एका स्पीकरमध्ये मिळत नाहीत. हा भौतिकशास्त्राचा नियम आहे आणि तो अजून कुणी मोडलेला नाही. लहानशा डब्यावर ‘१०० डेसिबल, २५ हर्ट्झपर्यंत बेस’ असं लिहिलेलं दिसलं तर तो डबा घेऊ नका.

आकडा वाचताना

४ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट दिले तर तो १ नव्हे, २ वॅट ओढतो. म्हणजे ‘९६ डेसिबल, ४ ओहम’ असं लिहिलेलं असेल तर खऱ्या तुलनेसाठी त्यातून ३ वजा करा. उरतात ९३, आणि मग आठ वॅटच्या ॲम्प्लिफायरचं स्वप्न बाजूला ठेवावं लागतं.

शिवाय काही कंपन्या खोलीच्या भिंतींनी वाढलेला आवाजही आकड्यात धरतात. त्यामुळे स्वतंत्र मोजणीत अनेक स्पीकर जाहिरातीपेक्षा दोन-चार डेसिबलने कमी भरतात. परदेशी मासिकांत अशा मोजण्या छापून येतात. घ्यायच्या मॉडेलची मोजणी उपलब्ध असेल तर कंपनीच्या आकड्यापेक्षा तिच्यावर विश्वास ठेवा.

वॅट किती हवेत, ते घरीच काढा

समजा स्पीकर ९९ डेसिबलचे आहेत आणि तुम्ही ३ मीटरवर बसता. अंतरामुळे साधारण ७ डेसिबल कमी होतात, दोन स्पीकर असल्यामुळे ३ वाढतात. म्हणजे प्रत्येक स्पीकरला १ वॅट दिला की खुर्चीपाशी सुमारे ९५ डेसिबल. घरात मोकळेपणाने ऐकताना सरासरी आवाज ७५ च्या आसपास असतो. तबल्याची थाप किंवा ऑर्केस्ट्राचा कडाका त्याहून १५-२० डेसिबल वर जातो. तो क्षणही या १ वॅटमध्ये बसला. गाण्याचा बाकी सगळा वेळ वॅटच्या शंभराव्या भागात जातो.

हिशोबापेक्षा मोजणी चांगली, आणि ती साध्या मल्टिमीटरने होते. सध्याचा कुठलाही ॲम्प्लिफायर यासाठी चालतो, पण स्पीकर तेच हवेत ज्यांच्यासाठी ॲम्प्लिफायर घ्यायचा आहे :

१. तुम्ही एरवी जास्तीत जास्त जेवढ्या मोठ्याने ऐकता तेवढा व्हॉल्यूम लावा. मग बटणाला हात न लावता गाणं थांबवा.

२. १०० ते १२० हर्ट्झचा, ‘उणे १२ डेसिबल’ पातळीवर तयार केलेला सूर वाजवा. अशा फाइल इंटरनेटवर फुकट मिळतात.

३. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या दोन टोकांवर लावा आणि आकडा लिहून घ्या. काम काही सेकंदांचं आहे, सूर जास्त वेळ वाजवत ठेवू नका.

४. आलेल्या आकड्याला ४ ने गुणा. उत्तराचा वर्ग करून ८ ने भागा. तेवढे वॅट तुम्हाला लागतात.

उदाहरणार्थ, मीटरने ०.९ व्होल्ट दाखवले तर चौपट ३.६, वर्ग जवळजवळ १३ आणि भागाकार १.६ वॅट. याच्या चौपट-पाचपट ताकदीचा ॲम्प्लिफायर घेतला की हात सैल राहतो. ही मोजणी करताना ॲम्प्लिफायर व्हॉल्व्हचा असेल तर स्पीकरची वायर काढू नका. स्पीकर न जोडता व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर चालवला तर त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

आता पहिल्या प्रश्नाचं उत्तर. शंभर वॅटच्या ॲम्प्लिफायरने ९९ डेसिबलचा स्पीकर जळत नाही, कारण ॲम्प्लिफायर काही शंभर वॅट सतत ढकलत नसतो. व्हॉल्यूम जेवढा, तेवढीच वीज. ट्वीटर जळतात ते अनेकदा लहान ॲम्प्लिफायर त्याच्या कुवतीपलीकडे पिळल्यामुळे, आवाज फाटलेला कळूनही तसाच वाजवत ठेवल्यामुळे. धोका आहे तो कानांना. हे स्पीकर मोठ्या आवाजातही स्वच्छ राहतात, त्यामुळे आवाज किती वाढलाय ते लक्षातच येत नाही. ८५ डेसिबल दिवसाला आठ तास ही अमेरिकेच्या एनआयओएसएच या संस्थेने कामगारांसाठी सुचवलेली मर्यादा आहे. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९४ ला तासभर, १०० ला पंधरा मिनिटं. मोबाइलवरचं आवाज मोजणारं ॲप अगदी अचूक नसलं तरी अंदाजासाठी पुरतं. पहिले काही दिवस ते समोर ठेवून ऐका.

पहिली परीक्षा शांततेची

प्रत्येक ॲम्प्लिफायर स्वतःचा थोडा आवाज करतो. गाणं बंद असताना ट्वीटरला कान लावला की ‘सूं’ ऐकू येतं ते हेच. साध्या स्पीकरमध्ये ते खोलीच्या आवाजात बुडून जातं. कार्यक्षम स्पीकर मात्र गाण्याइतकंच त्यालाही मोठं करतो. इथे खरी गोम आहे.

आकड्यांत पाहा. एखाद्या ॲम्प्लिफायरच्या आउटपुटला १ मिलिव्होल्ट एवढा स्वतःचा आवाज असेल, तर ८६ डेसिबलच्या स्पीकरमधून तो १ मीटरवर सुमारे १७ डेसिबल भरतो. तेवढा कुणालाही ऐकू येणार नाही. तोच ॲम्प्लिफायर १०० डेसिबलच्या स्पीकरला लावला की ३१ होतात, आणि रात्रीच्या शांत खोलीत ते स्पष्ट ऐकू येतात. ०.१ मिलिव्होल्टचा ॲम्प्लिफायर असेल तर हाच आकडा ११ वर उतरतो आणि प्रश्न मिटतो. म्हणून वॅट विचारण्याआधी ‘रेसिड्युअल नॉइज किती मिलिव्होल्ट?’ हे विचारा. विक्रेत्याला उत्तर देता आलं नाही तर ते कंपनीला लिहून विचारा. चांगल्या कंपन्या सांगतात.

‘सिग्नल-टू-नॉइज १०० डेसिबल’ या छापील आकड्यावर इथे भिस्त ठेवू नका. तो बहुतेकदा पूर्ण ताकदीशी तुलना करून काढलेला असतो आणि तुम्ही पूर्ण ताकदीच्या आसपासही कधी जाणार नाही. विकृतीच्या, म्हणजे डिस्टॉर्शनच्या आकड्याचंही तेच. ‘५० वॅटला ०.०५ टक्के’ हे वाक्य तुमच्या उपयोगाचं नाही. तुम्ही जवळजवळ सगळा वेळ पहिल्या अर्ध्या वॅटमध्ये राहणार आहात, म्हणून १ वॅटला आणि त्याखाली काय घडतं ते बघा. काही ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरमध्ये सिग्नल अगदी लहान असतानाच एका ट्रान्झिस्टरकडून दुसऱ्याकडे काम सोपवण्याची जागा खडबडीत असते. असा ॲम्प्लिफायर मोठ्या आवाजात गोड आणि हळू आवाजात किरकिरा लागतो.

परीक्षा घरीच घ्या, आणि रात्री पंखा बंद करून घ्या. दुकानातल्या एसीच्या आणि रस्त्याच्या आवाजात सगळे ॲम्प्लिफायर शांत वाटतात.

- व्हॉल्यूम शून्यावर ठेवून हॉर्नच्या तोंडाशी कान न्या. थोडी सुरसुर येणारच. मग नेहमीच्या जागी बसा. तिथे काही ऐकू येता कामा नये.
- इनपुट निवडून, गाणं न लावता, व्हॉल्यूम हळूहळू नेहमीच्या जागेपर्यंत न्या. आवाज वाढला तर दोष ॲम्प्लिफायरच्या पुढच्या भागात किंवा ज्यातून गाणं येतं त्या प्लेअरमध्ये किंवा डॅकमध्ये (डिजिटल गाण्याचा ॲनालॉग सिग्नल करणाऱ्या उपकरणात) आहे.
- आवाज ‘सूं’ असा आहे की ‘घूं’, तेही ऐका. ‘घूं’ हा विजेच्या ५० हर्ट्झचा किंवा त्याच्या दुपटीचा सूर असतो आणि त्याचं मूळ अनेकदा घरातल्या वायरिंगमध्ये सापडतं.

‘घूं’ ऐकून नवीन ॲम्प्लिफायर परत करण्याआधी सेट-टॉप बॉक्सची केबल काढून बघा. केबल टीव्हीची वायर बाहेरून वेगळं अर्थिंग घेऊन घरात येते आणि ॲम्प्लिफायरला जोडली गेली की गुणगुण सुरू होते. सगळी उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घेतल्यानेही पुष्कळदा फरक पडतो. घरात इन्व्हर्टर असेल तर तो कोणत्या प्रकारचा आहे तेही तपासा. स्क्वेअर-वेव्ह इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मर भणभणतात आणि ते भणभणणं स्पीकरमध्ये उतरतं. साइन-वेव्ह इन्व्हर्टरवर हा त्रास सहसा होत नाही.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. गुणगुण थांबवायला थ्री-पिनची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला काही मेकॅनिक देतात. त्याने आवाज थांबेलही, पण आत बिघाड झाला तर ॲम्प्लिफायरच्या पत्र्यावर २३० व्होल्ट येतील आणि पहिला हात लावणाऱ्याच्या जिवावर बेतेल.

व्हॉल्यूम पुढे सरकतच नाही

आजचे बहुतेक डॅक आणि सीडी प्लेअर पूर्ण आवाजात २ व्होल्ट देतात. सर्वसाधारण ॲम्प्लिफायर त्याचे वीसपट करतो, म्हणजे ४० व्होल्ट. ८ ओहमला ते २०० वॅट झाले. तुम्हाला हवा आहे १ वॅट, त्यासाठी २.८३ व्होल्ट पुरे. उरलेली सगळी वाढ व्हॉल्यूमच्या बटणाने गिळायची आहे. म्हणून बटण सुरुवातीच्या दोन-तीन खुणांतच अडकतं. त्या भागात साध्या बटणांचे डावे-उजवे ट्रॅक सारखे चालत नाहीत, त्यामुळे गायक मधून सरकून एका बाजूला बसल्यासारखा वाटतो. रात्री हळू आवाजात ऐकणाऱ्यांना याचा सर्वात जास्त जाच होतो.

उपाय स्वस्त आहे. डॅक आणि ॲम्प्लिफायरच्या मध्ये लावायचे १० किंवा १२ डेसिबलचे छोटे ॲटेन्युएटर मिळतात. दोन रेझिस्टरचं काम आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत सुटे भाग घेऊन जाणकार माणूस ते बसवून देईल. डॅकला किंवा ॲम्प्लिफायरला गेन, म्हणजे सिग्नलची वाढ, कमी करायचा स्विच असेल तर तो आधी वापरा. मात्र एक मर्यादा ध्यानात असू द्या : ॲटेन्युएटरमुळे बटण मोकळं होतं आणि डॅकची सुरसुर कमी होते, पण ॲम्प्लिफायरची स्वतःची सुरसुर तशीच राहते. ती शांत करायचा बाहेरून उपाय नाही. गोंगाट करणारा ॲम्प्लिफायर बदलावाच लागतो.

प्रीॲम्प्लिफायर वेगळा घेत असाल तर गेन कमी असलेलाच घ्या. २ व्होल्टच्या डॅकला इथे आणखी वाढीची गरज नाही.

ओहमचा मेळ

‘८ ओहम’ हा आकडा ठोकळ असतो. सूर बदलला की स्पीकरचा ओहम बदलतो. एकाच स्पीकरमध्ये तो एका ठिकाणी ४ आणि दुसऱ्या ठिकाणी ३० होऊ शकतो. चांगल्या ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरला याचं काही वाटत नाही, त्याचा स्वतःचा आउटपुट रोध नगण्य असतो. फीडबॅक (आउटपुटचा काही भाग मागे इनपुटला देण्याची सोय) नसलेल्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरचा मात्र २-३ ओहम असतो. २ ओहमच्या ॲम्प्लिफायरवर वर सांगितलेला स्पीकर लावला तर ३० ओहमच्या जागचे सूर ४ ओहमच्या जागच्या सुरांपेक्षा सुमारे ३ डेसिबलने वर येतात. म्हणजे टोन कंट्रोल कुणी न विचारता फिरवून ठेवल्यासारखं झालं. कधी ते सुखद लागतं, कधी बेस फुगतो, कधी आवाज बोचतो. कोणत्या घरात काय होईल हे आधी सांगता येत नाही.

म्हणून माहितीपत्रकात दोन गोष्टी शोधा : स्पीकरचा ओहम कमीत कमी किती होतो, आणि ॲम्प्लिफायरचा डॅम्पिंग फॅक्टर किती. ८ ला डॅम्पिंग फॅक्टरने भागलं की आउटपुट रोध मिळतो. फॅक्टर ४ असेल तर २ ओहम. स्पीकरचा ओहम फार वरखाली होत असेल तर ट्रान्झिस्टर किंवा फीडबॅकवाला पुश-पुल (व्हॉल्व्हची जोडी काम वाटून घेते तो) घ्या. तो फारसा हलत नसेल, जसा काही कंपन्या मुद्दाम व्हॉल्व्हसाठी ठेवतात, तर सिंगल-एंडेडचा (ज्यात एकच व्हॉल्व्ह पूर्ण सिग्नल हाताळतो) विचार करा. न्यूयॉर्कच्या डेव्होर फिडेलिटीचा ‘ओ/९६’ हा असा स्पीकर आहे. ९६ डेसिबल आणि १० ओहम असं त्याचं वर्णन कंपनी करते.

व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरला मागे ४ आणि ८, कधी १६ ओहमची वेगळी टोकं असतात. स्पीकरवर ८ लिहिलं असलं तरी ४ च्या टोकावरही ऐकून बघा. यात धोका नाही, आणि कधी कधी बेस तिथे जास्त बांधीव येतो. ॲम्प्लिफायर बंद करूनच वायर बदला.

कोणता पर्याय कुणासाठी

- सिंगल-एंडेड व्हॉल्व्ह. वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या १९३० च्या दशकातल्या ३००बी व्हॉल्व्हवर चालणारे साधारण ८ वॅट देतात, २ए३ वाले साडेतीन. मानवी आवाज आणि सारंगी यांत जे मार्दव येतं त्याला तोड नाही. पण स्पीकर खरोखर जास्त कार्यक्षमतेचा असावा आणि हिटरची गुणगुण वर सांगितलेल्या परीक्षेत पास व्हायला हवी. ९२ डेसिबलच्या स्पीकरला हा लावू नका.
- पुश-पुल व्हॉल्व्ह. ईएल८४ वाले १० ते १५ वॅट, ईएल३४ वाले ३० ते ५०. ब्रिटनचा लीक ‘स्टिरिओ २०’ हा १९५० च्या दशकातला, ईएल८४ चा, १० वॅटच्या आसपासचा ॲम्प्लिफायर. आजही लोक शोधून, दुरुस्त करून वापरतात. ज्यांना व्हॉल्व्हच हवा आहे अशा बहुतेक वाचकांसाठी हाच वर्ग योग्य आहे.
- क्लास ए ट्रान्झिस्टर. अमेरिकेतल्या नेल्सन पास यांच्या ‘फर्स्ट वॉट’ या कंपनीचं नावच या सगळ्या विषयाचं सार सांगतं. पहिला वॅट चांगला असावा, बाकीचे नंतर. आवाज स्वच्छ आणि शांत. मात्र २५ वॅटचा असा ॲम्प्लिफायर गाणं नसतानाही सुमारे २०० वॅट वीज खातो. रोज चार तास धरले तर महिन्याला २४ युनिट. शिवाय ती सगळी उष्णता खोलीत येते. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात याचा विचार आधी करा.
- लहान, साधे ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर. १९७८ चा ‘एनएडी ३०२०’ वीस वॅटचाच होता आणि जगभर गाजला. २० ते ४० वॅटचा असा शांत ॲम्प्लिफायर ही सर्वात बिनधोक सुरुवात आहे.
- क्लास डी. मुठीएवढे, गार राहणारे, स्वस्त. त्यांतले काही अतिशय शांत आहेत, काही अजिबात नाहीत, आणि बाहेरून फरक कळत नाही. परत करण्याची सोय असेल तरच घ्या.
- होम थिएटरचा रिसीव्हर. घरात असेल तर लावून बघा. संगीतासाठी मुद्दाम नवीन घेऊ नका. त्यांतल्या अनेकांचा स्वतःचा आवाज या स्पीकरवर ऐकू येतो.

बेसची चिंता अनेकांना वाटते. क्लिप्शच्या ‘हेरसी’ची चौथी आवृत्ती ९९ डेसिबलची आहे आणि ती ४८ हर्ट्झपर्यंतच उतरते. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास असतो. म्हणजे ख्याल, ठुमरी, अभंग, नाट्यसंगीत यांसाठी काही कमी पडत नाही. सिनेमातले स्फोट किंवा पाइप ऑर्गन ऐकायचा असेल तर वेगळा सबवूफर जोडा. तो स्वतःचा ॲम्प्लिफायर घेऊन येतो, त्यामुळे मुख्य ॲम्प्लिफायर लहानच राहू शकतो.

परदेशातून किंवा जुना घेताना

अमेरिकेतून येणारे नातेवाईक ॲम्प्लिफायर आणतो म्हणतात, तेव्हा मागच्या पाटीचा फोटो आधी मागवा. तिथे १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, जपानात १०० व्होल्ट, आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट उतरतात, हर्ट्झ बदलत नाहीत. फक्त ६० हर्ट्झसाठी बांधलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो आणि भणभणतो. पाटीवर ‘५०/६० हर्ट्झ’ असेल तरच पुढे जा, आणि स्टेप-डाउन ॲम्प्लिफायरच्या गरजेच्या दीडपट-दुप्पट क्षमतेचा घ्या.

जुन्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरमधले कपॅसिटर जुने झालेले असतात, ते बदलण्याचा खर्च किमतीत धरा. उघडून बघण्याचा मोह टाळा. आत ३०० ते ४५० व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही ते कपॅसिटरमध्ये साठून राहतात. आउटपुट व्हॉल्व्ह साधारण २ ते ५ हजार तास चालतात. बदलीचे व्हॉल्व्ह सहज मिळतात का आणि बायस (व्हॉल्व्हचा स्थिर प्रवाह) कोण लावून देईल, हे दोन प्रश्न घेण्याआधी सोडवा. घरात लहान मूल असेल तर व्हॉल्व्हवर जाळी हवीच.

बिल, वॉरंटी आणि शेजारी

जोडी न जमणं हा कायद्याच्या दृष्टीने दोष नाही. ॲम्प्लिफायर ठणठणीत असेल आणि केवळ तुमच्या स्पीकरवर सुरसुरत असेल, तर दुकानदार तो परत घ्यायला बांधील नाही. म्हणून घरी ऐकून बघण्याची आणि अमुक दिवसांत परत करण्याची अट बिलावरच लिहून घ्या. तोंडी आश्वासन पुढे कामाला येत नाही.

वस्तू खरोखर सदोष निघाली तर मात्र बाजू भक्कम आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिलात दिलेल्या मुदतीत, मुदत दिलेली नसेल तर तीस दिवसांत, सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिल न देणं हीसुद्धा. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हा शिक्का सदोष मालाला लागू पडत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे न सुटल्यास तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचं शुल्क नाही. आयात मालावर आयातदाराचं नाव आणि पत्ता छापलेला आहे का ते बघा. अधिकृत आयातदाराकडून न आलेल्या मालाची वॉरंटी भारतात बहुधा चालत नाही. सिरियल नंबर बिलावर हवा.

शेजाऱ्यांचाही हक्क आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि खासगी ध्वनियंत्रणेचा आवाज जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वर जाता कामा नये. ९९ डेसिबलचे स्पीकर अर्ध्या वॅटमध्येही ही रेषा ओलांडू शकतात. रात्री खिडकी लावा आणि आवाज उतरवा. चांगली जोडी हळू आवाजातही पूर्ण ऐकू येते, आणि इमारतीत राहणाऱ्यांसाठी या स्पीकरचा तोच मोठा फायदा आहे.

एकदम सगळा खर्च जमत नसेल तर स्पीकर आधी घ्या. २०-३० वॅटचा एखादा शांत ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर लावून काही महिने ऐका, मल्टिमीटरची मोजणी करा, कोणतं संगीत किती मोठ्याने ऐकता ते लिहून ठेवा. ३००बी घ्यायचा की नाही हे त्या नोंदी पाहून ठरवा.